आकाशातला मुअल्लिम

हजला जाणाऱ्या विमानात एका ठराविक वेळी घोषणा होते. थोड्याच वेळात विमान मीकातची हद्द ओलांडणार आहे, ज्यांनी एहराम बांधलेला नाही त्यांनी बांधावा, नियत करून घ्यावी. क्षणभर शांतता पसरते आणि मग सगळ्या विमानात 'लब्बैक'चा आवाज घुमू लागतो. मुंबईहून जा, नाहीतर आमच्या औरंगाबादेतून (आताचे छत्रपती संभाजीनगर), ही घोषणा ठरलेलीच.

या घोषणेमागे एक साधा प्रश्न दडलेला आहे. खाली समुद्र किंवा वाळवंट, वर आकाश, बाहेर कदाचित रात्र. मग मीकात आली हे वैमानिकाला कळते कसे? आज याचे उत्तर शाळेतले पोरही देईल: जीपीएस. पण जीपीएसची यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण झाली. अरबी समुद्र, अटलांटिक आणि पॅसिफिक ओलांडणारी विमाने त्याच्या कितीतरी आधीपासून उडत होती. तेव्हा 'आपण आत्ता कुठे आहोत' हे कोण सांगत होते?

ते सांगणारा माणूस कॉकपिटमध्येच बसलेला असे. वैमानिक, सहवैमानिक, इंजिनीअर आणि रेडिओ ऑपरेटर यांच्या जोडीला त्याची वेगळी खुर्ची आणि वेगळे टेबल होते. त्याला नॅव्हिगेटर म्हणत. आज ती खुर्ची प्रवासी विमानांत उरलेली नाही. या लेखात मला त्या माणसाच्या विद्येबद्दल सांगायचे आहे, कारण त्या विद्येशी आपले, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचे आणि मुसलमानांचेही, नाते आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जवळचे आहे.

रुळांवरून उडणे आणि पाण्यावरून उडणे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले आणि जुहूला उतरले. विमान पस मॉथ जातीचे, एका इंजिनाचे. त्यात रेडिओ नव्हता. भारतातल्या नियमित हवाई वाहतुकीची सुरुवात या उड्डाणापासून मानतात. अशा काळात वैमानिक खाली पाहून वाट ओळखत. रेल्वेचे रूळ, नदीचे वळण, समुद्रकिनारा, एखादा किल्ला किंवा मोठा तलाव. वाट चुकली तर खाली येऊन स्टेशनवरची पाटी वाचण्याचे किस्से त्या काळच्या वैमानिकांबद्दल जगभर सांगितले जातात.

समुद्रावर पाटी नसते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा मुंबईचा किनारा मागे पडताच खाली फक्त पाणी होते. १९५० मध्ये कंपनीने मुंबईहून नैरोबीची सेवा सुरू केली, तीही अरबी समुद्रावरून. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे ३००० किलोमीटर. ताशी ४८० किलोमीटर वेगाने गेले तरी सहा तासांहून जास्त उड्डाण, आणि त्यातला बराचसा वेळ जमिनीची एकही खूण नाही.

अशा वेळी पहिला आधार म्हणजे हिशोब. इंग्रजीत त्याला डेड रेकनिंग म्हणतात. ज्या ठिकाणाहून निघालो ते माहीत आहे, होकायंत्र दिशा सांगते, वेगमापक वेग सांगतो, घड्याळ वेळ सांगते. दोन तासांत ताशी ४८० च्या वेगाने पश्चिमेला गेलो, तर ९६० किलोमीटर पश्चिमेला असणार. हा हिशोब सातवीतला विद्यार्थीही करू शकेल.

अडचण वाऱ्याची आहे. विमान हवेत उडते आणि हवा स्वतःच वाहत असते. नदीत नाव वल्हवणारा समोरच्या घाटाकडे तोंड करून वल्हवतो आणि पोहोचतो खालच्या अंगाला, तसेच हे. ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा सहा तास लागला, तर विमान २४० किलोमीटर बाजूला जाईल. औरंगाबादहून पुण्याला जाण्याइतके अंतर! दिशेतली चूकही तशीच वाढत जाते. होकायंत्रात फक्त एका अंशाची चूक असली, तरी ३००० किलोमीटर गेल्यावर ती पन्नासेक किलोमीटरची होते, म्हणजे औरंगाबाद शोधायला निघालेला माणूस जवळजवळ जालन्याला पोहोचेल. खाली गावे असतील तर कुणाला तरी विचारता येते. समुद्रात इंधन संपते.

म्हणून नॅव्हिगेटर वारा मोजत असे. दिवसा खालच्या लाटांवरचा फेस एका खास दुर्बिणीतून पाहायचा आणि विमान नाकाच्या रेषेपासून किती अंशांनी बाजूला सरकते आहे ते टिपायचे. रात्री पाण्यावर पेटता फ्लेअर टाकून त्याकडे पाहून हेच करायचे.

आणखी एक युक्ती होती. १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर या वैमानिकाने एकट्याने न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियापर्यंतचा समुद्र छोट्या विमानातून पार केला. वाटेत त्याला इवलीशी बेटे शोधायची होती. तो सरळ बेटाकडे गेलाच नाही. त्याने मुद्दाम बेटाच्या एका बाजूचा नेम धरला. हिशोबाने ठरलेल्या रेषेवर पोहोचला की बेट कोणत्या हाताला असणार हे त्याला पक्के माहीत असे, मग त्या बाजूला वळायचे. सरळ बेटाचा नेम धरला असता आणि बेट दिसले नसते, तर डावीकडे शोधायचे की उजवीकडे हेच कळले नसते. सहा वर्षांनी, २ जुलै १९३७ रोजी, अमेलिया एअरहार्ट आणि तिचा नॅव्हिगेटर फ्रेड नूनन पॅसिफिकमधले हाउलंड बेट शोधता शोधता बेपत्ता झाले. त्याच प्रवासात काही दिवस आधी ती दोघे कराची आणि कलकत्त्याला उतरली होती. नूनन हा त्या काळातला नावाजलेला नॅव्हिगेटर होता. समुद्रावरचे उड्डाण म्हणजे काय, हे यावरून समजावे.

ताऱ्यांचा हिशोब

नुसता हिशोब कितीही काळजीने केला तरी चूक साचत जाते. ती पुसून टाकायला बाहेरचा साक्षीदार हवा. तो साक्षीदार म्हणजे तारे.

तत्त्व सोपे आहे. कोणताही तारा कोणत्याही क्षणी पृथ्वीवरच्या कुठल्यातरी एका ठिकाणाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या ठिकाणी उभे राहणाऱ्याला तो ९० अंशांवर दिसतो. तिथून दूर जावे तसा तो खाली उतरत जातो, दर १११ किलोमीटरला एक अंश. आता समजा मला तो तारा ७० अंशांवर दिसला. म्हणजे मी त्या ठिकाणापासून २० अंश, अर्थात सुमारे २२२० किलोमीटर दूर आहे. पण कोणत्या बाजूला? ते एका ताऱ्यावरून कळत नाही. मी २२२० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेतरी आहे, एवढेच कळते. दुसरा तारा दुसरे वर्तुळ देतो, तिसरा तिसरे. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे आपले विमान.

यासाठी तीन गोष्टी लागत. पहिली, कोन मोजायला सेक्स्टंट. जहाजावरचा खलाशी तारा आणि क्षितिज यांच्यातला कोन मोजतो, पण उंचावरच्या विमानातून रात्री क्षितिज दिसत नाही. म्हणून विमानातल्या सेक्स्टंटमध्ये पाण्याचा बुडबुडा असे, गवंड्याच्या लेव्हलपट्टीत असतो तसा. तो बुडबुडा क्षितिजाचे काम करी. विमान हलत असल्यामुळे एकच माप घेऊन चालत नसे. दोनेक मिनिटे तारा धरून ठेवायचा आणि सरासरी काढायची.

दुसरी गोष्ट अचूक घड्याळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटरची चूक होते. तिसरी गोष्ट कोष्टके. कोणता तारा कोणत्या क्षणी पृथ्वीवर कुठे डोक्यावर असतो हे सांगणारे पुस्तक, एअर अल्मनॅक. एका अर्थाने पंचांगच.

एवढे करून उत्तर मिळे, पण ते शिळे असे. तारे मोजून आकडेमोड करायला पंधरा-वीस मिनिटे लागत आणि तेवढ्यात विमान दीडशे किलोमीटर पुढे गेलेले असे. म्हणून नॅव्हिगेटरला 'आपण मघाशी कुठे होतो' यावरून 'आत्ता कुठे असणार' हे काढावे लागे. दिवसा फक्त सूर्य असे, म्हणजे एकाच वेळी एकच रेषा. पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढगांचे थर असले तर तेही नाही.

सुरुवातीच्या कॉन्स्टेलेशन विमानांच्या छतावर काचेचा छोटा घुमट असे. नॅव्हिगेटर त्याखाली उभा राहून तारे पाही. १९४७ मध्ये अटलांटिकवर एका अमेरिकन कंपनीच्या विमानाचा हा घुमट फुटला आणि आतल्या हवेच्या दाबाने नॅव्हिगेटर बाहेर फेकला गेला. पुढे घुमट गेले आणि छतातल्या बारीक भोकातून वर काढायचे, पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखे सेक्स्टंट आले.

अल्टेअर आणि तय्यारा

आकाशातले सगळे तारे या कामी येत नाहीत. ठळक आणि आकाशभर विखुरलेले असे ५७ तारे नॅव्हिगेशनसाठी निवडलेले आहेत. त्यांची यादी वाचताना उर्दू जाणणारा माणूस थबकतोच. अल्डेबरान, म्हणजे अद्-दबरान, मागून येणारा. रायगेल म्हणजे रिज्ल, पाय. डेनेब म्हणजे ज़नब, शेपूट. फोमलहॉट म्हणजे फ़म-अल-हूत, माशाचे तोंड. यादीतली निम्म्याहून अधिक नावे अरबीतून आलेली आहेत. अल्टेअर हे अन्-नस्र अत्-ताइरचे, म्हणजे उडणाऱ्या गरुडाचे छोटे रूप. 'ताइर' म्हणजे उडणारा, पक्षी. उर्दूत विमानाला आपण 'तय्यारा' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच धातूचे. लंडन किंवा न्यूयॉर्कचा नॅव्हिगेटर तय्याऱ्यात बसून ताइरकडे पाहत होता आणि त्याला ते माहीतही नव्हते.

याच ताऱ्यांना मराठीत आपली नावे आहेत. अल्डेबरान म्हणजे रोहिणी, अल्टेअर म्हणजे श्रवण, व्हेगा म्हणजे अभिजित. दक्षिणेला दिसणारा अगस्त्य अरबीत सुहैल. आपल्या मोहल्ल्यात एखादा सुहैल असतोच, पण आपले नाव आकाशात कुठे आहे हे त्याला बहुधा कुणी दाखवलेले नसते.

ही नावे अरबी का? टॉलेमीने ग्रीक भाषेत ताऱ्यांची यादी केली. बगदादच्या काळात तिचा अरबीत अनुवाद झाला. पण अनुवादावर काम थांबले नाही. अब्दुर्रहमान अस्-सूफ़ी यांनी दहाव्या शतकात, ९६४ च्या सुमारास, ताऱ्यांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात टॉलेमीच्या ताऱ्यांची तेजस्विता त्यांनी स्वतः पाहून पुन्हा ठरवली. पुढे बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात अरबी ग्रंथांचे लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि नावे युरोपात गेली.

पुस्तकातली विद्या समुद्रावर चालवणारा माणूस म्हणजे मुअल्लिम. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. पण अरबी समुद्रावर त्याचा दुसरा अर्थ होता: जहाजाची वाट काढणारा. अबुल फ़ज़लने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या लोकांची यादी दिली आहे. तिच्यात नाखुदा आहे, तांडेल आहे, सरहंग आहे, भंडारी आहे आणि मुअल्लिमही आहे. मुअल्लिमला पाण्याची खोली आणि उथळ जागा ठाऊक हव्यात, खगोलही यायला हवे, असे तिथे सांगितले आहे.

कोकणातल्या वाचकांना यातले निम्मे शब्द आडनावांतून भेटले असतील. नाखवा आणि तांडेल ही आडनावे तिथल्या हिंदू कोळ्यांत आहेत, कोकणी मुसलमानांतही नाखुदा आणि नाखवा आहेत. आपण 'संस्थेचे सुकाणू हाती घेतले' असे लिहितो, तो सुकाणूही अरबी 'सुक्कान'वरून आला. खलाशी, तुफान, मोसमी वारे, सगळे त्याच पाण्यातले शब्द.

मुअल्लिमचे हत्यार होते कमाल: एक लाकडी पट्टी आणि मधोमध ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातात धरायची, पट्टी डोळ्यांसमोर ताणायची, खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकवायची. गाठीवरून ताऱ्याची उंची कळे. उंची मोजायची ती 'इस्बा'त, म्हणजे बोटांत. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच आपला अक्षांश, त्यामुळे ठरलेल्या बंदराच्या उंचीवर यायचे आणि मग ती उंची न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद यांनी या विद्येवर मोठा ग्रंथ लिहिला.

एप्रिल १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून निघाला आणि मे महिन्यात कालिकतला पोहोचला, तो एका स्थानिक वाटाड्याच्या भरवशावर. हा वाटाड्या इब्न माजिद होता अशी समजूत पुढे रूढ झाली, पण आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात आणि त्याचे नाव 'मालेमो काना', 'मालेमो कानाका' असे देतात. हे नाव नसून हुद्दा आहे. 'मालेमो' म्हणजे मुअल्लिम आणि 'कानाका' म्हणजे आपला 'गणक', असा त्याचा अर्थ लावला जातो. एक शब्द अरबी, एक संस्कृत, आणि दोन्हींचा मिळून एक माणूस. हिंदी महासागरातली विद्या कुणा एका धर्माची किंवा भाषेची होती असे म्हणणाऱ्यांनी या नावाचा विचार करावा.

काश्मीर प्रिन्सेस

विमानातल्या मुअल्लिमकडे परत येऊ. त्याच्या आकड्यांची किंमत काय असते, हे दाखवणारी एक घटना मराठी माणसांशी जोडलेली आहे.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन हाँगकाँगहून जकार्ताला निघाले होते. आठवड्याभरात इंडोनेशियात बांडुंग परिषद भरायची होती आणि विमानात तिकडे जाणारे प्रतिनिधी आणि पत्रकार होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय याच विमानाने जातील असा समज होता, प्रत्यक्षात ते गेले नाहीत. कॅप्टन होते डी. के. जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, नॅव्हिगेटर जे. सी. पाठक, देखभाल इंजिनीअर अनंत श्रीधर कर्णिक. हवाई सुंदरी होत्या ग्लोरिया बेरी.

उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, विमान दक्षिण चीन समुद्रावर असताना स्फोट झाला. हाँगकाँगला विमान जमिनीवर उभे असताना कुणीतरी त्यात वेळेचा बॉम्ब ठेवला होता. पंखाला आग लागली, धूर आत भरू लागला. त्या काही मिनिटांत जटार यांनी विमान समुद्रावर उतरवायचे ठरवले, प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट देण्यात आली आणि रेडिओवरून तीन संकटसंदेश गेले. त्यांत स्थान दिले होते: नातूना बेटांजवळ. मग रेडिओ बंद पडला.

विमान पाण्यावर आदळून फुटले. १९ जणांपैकी १६ गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे तासन्‌तास पोहून एका बेटाला लागले आणि पुढे ब्रिटिश नौदलाच्या 'डॅम्पियर' जहाजाने त्यांना उचलले. जटार यांना मरणोत्तर, तसेच ग्लोरिया बेरी आणि वाचलेल्या सहकाऱ्यांनाही अशोकचक्र मालिकेतला सन्मान मिळाला. कर्णिकांनी या घटनेवर पुस्तकही लिहिले.

ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या संदेशातल्या दोन शब्दांकडेही पाहावे. हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रात 'नातूना बेटांजवळ' एवढे सांगता आले, म्हणून कुठे शोधायचे ते जगाला कळले. आणि ते सांगता आले, कारण संकट येण्याआधीचे पाच तास, काहीही घडत नसताना, एक माणूस टेबलाशी बसून नकाशावर खुणा करत होता.

खुर्ची रिकामी होते

त्यानंतर यंत्रे वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धात आलेली लोरान यंत्रणा दोन केंद्रांवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या वेळेतला फरक मोजून जागा सांगे. विमानतळांजवळ आणि जमिनीवरच्या मार्गांवर व्हीओआर नावाची रेडिओ केंद्रे उभी राहिली. डॉप्लर रडार खालच्या पाण्यावरून परतणाऱ्या लहरींवरून खरा वेग आणि वाऱ्याने होणारी सरक सांगू लागले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचली. वेग दुप्पट झाला, म्हणजे हिशोबाला वेळ निम्मा उरला.

यंत्रे आली तरी चूक थांबली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यात ११७ जण गेले आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानातला एक व्हीओआर रिसीव्हर बंद होता. आपण पर्वत ओलांडला असा वैमानिकाचा समज झाला आणि नियंत्रकाने केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत नीट पोहोचली नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, 'मलबार प्रिन्सेस' याच पर्वतावर कोसळले होते आणि त्यात ४८ जण गेले होते.

१९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, 'एम्परर अशोक', आले. जंबोत इनर्शियल नॅव्हिगेशनची यंत्रणा होती. ती समजून घ्यायची असेल तर एसटीत डोळे मिटून बसा. गाडी वेग घेते तेव्हा पाठ सीटला टेकते, ब्रेक लागतो तेव्हा आपण पुढे झुकतो, वळणावर बाजूला कलतो. हे सगळे धक्के जर कुणी अगदी अचूक मोजले आणि जोडत गेले, तर बाहेर न पाहताही सिल्लोड आले की फुलंब्री हे सांगता येईल. यंत्रणेतले जायरोस्कोप आणि वेगवाढ मोजणारी उपकरणे हेच करतात. बाहेरून संकेत लागत नाही, तारा लागत नाही. तासाला साधारण एक-दोन सागरी मैल एवढी चूक साचते. यंत्रणा आली आणि प्रवासी विमानांतून नॅव्हिगेटरची खुर्ची हळूहळू निघाली.

पण यंत्राला काम सांगणारा शेवटी माणूसच. १ सप्टेंबर १९८३ रोजी अलास्काहून सोलला जाणारे कोरियन विमान शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. ऑटोपायलट इनर्शियल यंत्रणेला जोडला न जाता नुसत्या दिशेवर राहिला होता, असे चौकशीत दिसले. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केले की तयार होत असलेली जीपीएस नागरी विमानांनाही वापरता येईल. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. योगायोग असा की मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे याच वर्षी बंद झाली. 'अकबरी'सारख्या जहाजांतून कित्येक दिवसांचा प्रवास करून गेलेल्या हाजींच्या आठवणी अजून अनेक घरांत आहेत.

आता जीपीएसलाही फसवता येते. खोटे संकेत पाठवून विमानाला चुकीची जागा दाखवायची, याला स्पूफिंग म्हणतात. पश्चिम आशियातल्या युद्धांमुळे तिथल्या आकाशात हे वारंवार घडते आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्याचे सरकारने संसदेत सांगितले. अशा वेळी इनर्शियल यंत्रणा आणि जमिनीवरची रेडिओ केंद्रेच उपयोगी पडतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले ताऱ्यांवरून वाट काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले. जुनी विद्या टाकून द्यायची नसते, हे त्यांनाही कळले.

नावांचा अभिमान पुरेसा नाही

आपल्या समाजात जलसे होतात, व्याख्याने होतात. ताऱ्यांची नावे अरबी आहेत, बीजगणित आपले आहे, हे टाळ्यांच्या गजरात सांगितले जाते. सांगणे चूक नाही. पण अल्डेबरान हे नाव ज्यांनी दिले, ते रात्रीमागून रात्री तो तारा पाहत होते. अस्-सूफ़ी यांनी टॉलेमीचा मोठेपणा मान्य केला आणि तरीही स्वतः पाहून तपासले. मुअल्लिमने गणकाकडून शिकताना कमीपणा मानला नाही. नावे आपल्याकडे राहिली आणि पाहण्याची सवय गेली, तर आपण वारस नाही, फक्त यादी वाचणारे आहोत.

कुरआनात, सूरह अल-अनआममध्ये, ताऱ्यांचा उल्लेख जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या अंधारात वाट दाखवणारे म्हणून येतो. तो वाचणाऱ्या मुलाला तारा दाखवणे हे शिक्षकाचे आणि आईबापाचे काम आहे. त्याला दुर्बीण लागत नाही, अनुदान लागत नाही.

एखाद्या निरभ्र रात्री मुलांना गच्चीवर न्या. उत्तरेला तोंड करून हात सरळ लांब धरा आणि मूठ आवळा. लांबवलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. दोन मुठी संपतात तिथे एक मध्यम तेजाचा, रात्रभर न हलणारा तारा आहे. तो ध्रुव. त्याची उंची वीस अंश, कारण आपले शहर जवळजवळ वीस अंश अक्षांशावर आहे. मुंबईत तो एक अंश खाली दिसतो. मक्केत तो साडेएकवीस अंशांवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम दीड अंश वर. मुअल्लिमच्या मापात एक बोट.

मुलांना स्वतः मोजू द्या आणि वहीत आकडा लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजू द्या.